अंबडची पोरगी सातपूरच्या नाटकात

"आलं. पोरगी नांदणार नाही म्हणते," असं मी बोलले, आणि बोलल्या बोलल्या मला कळलं की हे कालच्या नाटकातलं आहे. कालच्या! आजच्या नाटकात आम्हांला पोरगी नाही. पोरगाही नाही. लग्नाला वीस वर्षं झालेलं आणि मूलबाळ नसलेलं जोडपं, घरात दोघंच, हेच तर आजच्या नाटकाचं मूळ. आणि मी भर स्टेजवर, दुसऱ्या अंकात, नवरा जेवता जेवता "पत्र आलं का?" म्हणाला तर त्याच्या ताटासमोर एक अख्खी लग्न झालेली पोरगी आणून उभी केली. तेही खणखणीत आवाजात. पुटपुटले असते तरी चाललं असतं, खोकून निभावलं असतं, पण नाही, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं. घ्या! हातात भाकरीचं टोपलं होतं, ते खाली ठेवायचं की तसंच धरायचं हेही सुचेना.

आता हे असं होतं कसं, तर ऐका. मी चिमणा गांगुर्डे, नाशकात चिमणाबाई म्हणतात. मी बाहेरून आणलेली नटी. कारखान्यांच्या नाट्यस्पर्धा होतात ना, त्यात नवरा, सासरा, मॅनेजर, फौजदार, सगळे कारखान्यातलेच असतात. कोणी फिटर, कोणी वॉचमन. बाई तेवढी मिळत नाही. मग दिवाळी सरली की माझ्या दाराशी सायकली लागतात. "बाई, एक बायको पाहिजे." असंच म्हणतात मेले, तोंड वर करून! मी म्हणते, बायको पाहिजे तर सोयऱ्यांकडं जा, माझ्याकडं यायचं तर भूमिका मागा. मग हसतात, चहा पितात, आणि ठरतं. दिवसा मी बालवाडी सांभाळते, संध्याकाळी बायको होते. ब्याऐंशी साली तीन टीम होत्या, म्हणजे तीन नवरे. परवा सिन्नरचा, काल अंबडचा, आज सातपूरचा. आणि तिन्ही नवऱ्यांनी आपापल्या नाटकात विचारलं, पत्र आलं का? नाटकातला नवरा एक तर पाणी मागतो, नाही तर पत्र आलं का विचारतो, लिहिणाऱ्यांना तिसरं काही सुचतच नाही. पंधरा वर्षं मी या पत्रांची उत्तरं दिली. एका डब्यात हळद, एका डब्यात तिखट, कधी चिमूटभर इकडचं तिकडं झालं नाही. आज झालं, आणि नेमकं देवरामच्या नाटकात झालं.

अंबडच्या नाटकात चुकले असते तर मी एवढी गार पडले नसते, खरं सांगते. देवराम म्हणजे सातपूरच्या कारखान्यातला टाइमकीपर. अंगानं काडी, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघणार. पण चार वर्षं खपून त्यानं स्वतः नाटक लिहिलं होतं. नोव्हेंबरात कँटीनमध्ये त्यानं ते मला वाचून दाखवलं. बाहेर दुसरी पाळी सुटत होती, भांडी वाजत होती, तरी हा आपला वाचतोय. कारखान्यात संप चाललाय. मालक घरोघर पत्र पाठवतो, की चुकलो, खाली मान घालून परत येतो, एवढ्यावर सही करा आणि कामावर या. नवरा सही करणार हे बायकोला ठाऊक आहे. म्हणून पत्र येतं आणि ती ते त्याला न विचारता जाळून टाकते. नवरा विचारतो, पत्र आलं का? ती म्हणते, "आलं. मी ते चुलीत घातलं." एवढंच. मी विचारलं, "ही रडते कुठं?" तो म्हणाला, "नाही रडत." "तिसऱ्या अंकात?" "तिसऱ्या अंकात पण नाही." मी पंधरा वर्षं तिसऱ्या अंकात रडत आलेय हो! डोळ्यांत ग्लिसरीन घालून, पदर तोंडात कोंबून. मला त्या दिवशी असं झालं, की कुणीतरी मला पहिल्यांदा खुर्ची देऊन बस म्हटलंय.

आणि स्पर्धेच्या नाटकाचं कसं असतं, एकच प्रयोग. दोन महिने तालमी, आणि एका दुपारी सगळं आटपतं. पहिला नंबर आला तर मुंबईला अंतिम फेरीत दुसरा प्रयोग मिळतो. नाही आला तर सेट टेम्पोत जातो, वही कपाटात जाते आणि ती बाई मरून जाते. मला ती अजून एकदा व्हायची होती. पदकाची हाव नव्हती, बाहेरच्या नटीला पदक नसतंच आमच्यात. मला फक्त अजून एकदा त्या चुलीपाशी उभं राहायचं होतं. सकाळी पंचवटीतून बसनं येताना थंडीनं बोटं आखडली होती, तरी मी खिडकीशी बसून ते वाक्य म्हणत होते, चुलीत घातलं, चुलीत घातलं. शेजारची द्राक्षांची पाटी घेतलेली बाई मला म्हणाली, "काय जाळलं गं माय?" इतकं घोकलेलं. आणि वेळेला तोंडातून निघालं काय, तर पोरगी.

सहाव्या रांगेत अंबडची टीम बसली होती, कालची. आपलं झालं की दुसऱ्यांचं बघायला येतातच सगळे, तोंडावर वा वा आणि मनात पडू दे. त्यांच्यातून आधी एक जण फिसकन हसला. मग त्यांचा जयराम, म्हणजे कालचा माझा नवरा, दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, ही तर आपली पोरगी!" आणि ती अख्खी रांग खुसखुसली. तिसऱ्या रांगेत परीक्षक. त्यांच्या मांडीवर देवरामची संहिता असते. तिथं एक बारका टॉर्च लागला आणि पानं उलटल्याचा आवाज आला. त्यांच्यातला एक म्हातारा संहितेत पोरगी शोधत होता. कुठून सापडणार? डाव्या विंगेतून आमचा प्रॉम्प्टर गोटीराम, ज्याला हळू बोलणं जन्मात जमलं नाही, तो "चुलीत! बाई, चुलीत!" असं ओरडत होता, आणि ते ऐकून मागचे लोकही हसायला लागले. आणि समोर सावळीराम. माझा आजचा नवरा. कारखान्यात टर्नर, राहणारा दिंडोरीकडचा. या माणसाचं पाठांतर म्हणजे चमत्कार; त्याला स्वतःची वाक्यं पाठ, माझी पाठ, फौजदाराची पाठ, पण वहीत नसलेला एक शब्द त्याच्या तोंडातून निघायचा नाही. तालमीत कोणी अडखळलं तर हा तसाच उभा, जातं अडकल्यावर बाई थांबते तसा. आता त्याच्या गालात घास तसाच होता. डोळे मोठे झाले होते. त्यानं घास गिळला, ते मला त्याच्या गळ्यावर दिसलं, आणि तो त्याच्या गावाकडच्या बोलीत म्हणाला, "कोनाची पोरगी?"

अहो, हे त्याचं स्वतःचं होतं! वहीतलं नव्हे. त्याला खरंच कळेना की कोणाची पोरगी. आणि इतकं खरं विचारलं त्यानं, की हसणारे लोक गप्प झाले. सगळ्यांनाच आता जाणून घ्यायचं होतं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. बाहेरच्या नटीकडं असली दहा उत्तरं पदरात बांधलेली असतात. "शेजारच्या अंबूबाईची. तिचं पत्र चुकून आपल्याकडं आलं," म्हणायचं, आणि "आपलं पण आलं, मी ते चुलीत घातलं," असं जोडून गाडी रुळावर आणायची. लोकांना कळतं, पण लोक सांभाळून घेतात. मी तोंड उघडलंही होतं. पण सावळीराम माझ्याकडं बघत होता, आणि ती नजर मला सोसेना. मला असं कोणी कधी विचारलंच नव्हतं, की बाई, ती कोण, जी नांदत नाही? आणि माझ्या तोंडून आलं, "आपली."

गोटीराम नंतर म्हणाला, त्या 'आपली'नंतर मी पाच मोजेपर्यंत गप्प होते. मला तर वाटलं मी विंचूरला जाऊन आले. अठरा वर्षांची होते मी तेव्हा, विंचूरजवळ दिलेली. नवरा मारायचा. का मारायचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. एका दुपारी पोस्टकार्ड लिहिलं, शाळेतलं अक्षर, मोठं मोठं, "दादा, मी नांदत नाही. न्यायला या." दादा म्हणजे माझा बाप, कोंडाजी गांगुर्डे. त्याचा जलसा होता. ढोलकी, पेटी, चार पोरं मागं, आणि दादा पुढं. गावोगाव बाबासाहेबांची गाणी सांगायचा. बायामाणसांना उठा म्हणायचा, शिका म्हणायचा, बैलगाडीवर उभा राहून म्हणायचा, आणि मी सात वर्षांची त्याच्या शेजारी झांज धरून उभी. अशा बापाला पत्र टाकलंय म्हटल्यावर मी ट्रंक बांधून बसले होते. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. सांजच्या येष्टीचा धुरळा दिसला की दारात जायची. दादा आला नाही, पत्रही आलं नाही. आई पुढं सांगायची, त्यानं कार्ड वाचलं, गाण्याच्या वहीत घातलं आणि रात्रीच्या कार्यक्रमाला गेला. तीन महिन्यांनी मीच कांद्याच्या ट्रकमध्ये बसून नाशकात आले. दादानं मला घरात घेतलं. "जेवलीस का?" म्हणाला. पुढं पंधरा वर्षं त्याच्याच घरी राहिले. माझं पहिलं नाटक बघायला तो धुतलेली टोपी घालून आला होता. माया होती हो, नव्हती असं नाही. पण त्या कार्डावर एक अक्षर बोलला नाही, आणि तसाच गेला. मीही विचारलं नाही. लाज वाटायची की राग यायचा, देव जाणे.

"आपली," मी म्हटलं. "झाली असती तर. लग्नानंतर दोन वर्षांनी झाली असती म्हणजे आज अठराची. चांगलं स्थळ बघून तुम्ही ती दिली असती. आणि तिनं आज पत्र टाकलं असतं, दादा, मी नांदत नाही, न्यायला या. तुम्ही काय कळवलं असतं तिला?" हा आवाज कोणाचा आहे तेच मला कळेना. तालमीतला नव्हता, खाली, छातीतून येत होता, आणि भीती कुठल्या कुठं पळाली होती. आणि इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की काय सांगू! सावळीरामनं उत्तर द्यायला हवं होतं. त्याच्याकडं उत्तर नव्हतं. तो नुसता बघत राहिला, हात ताटात तसाच. "बोला की," मी म्हटलं. "काय कळवलं असतं?" तरी तो गप्प. मग मी टोपलं खाली ठेवलं. "मी सांगते. खाली मान घाल आणि राहा, असं कळवलं असतं. तुम्ही तरी दुसरं काय करणार होता? कारखान्यातून पत्र आलं होतं. चुकलो, खाली मान घालून परत येतो, त्याच्यावर तुमची सही पाहिजे होती." आणि मग ते वाक्य आलं, जे मी बसमध्ये घोकलं होतं. "मी ते चुलीत घातलं."

टाळी पहिली सहाव्या रांगेतून आली. जयरामनं वाजवली, कालच्या नवऱ्यानं, मी ओळखते त्याची टाळी. मग सगळा हॉल. सावळीरामला पुढचं वाक्य सापडलं, "मला न विचारता?", त्यानं ते धरलं आणि अंक गडगडत शेवटाला गेला. पडदा पडला तशी मी विंगेत गेले तर देवराम उभा, पांढराफटक. पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "बाई, माझ्या नाटकात पोरगी नाही," तो म्हणाला. "मी चार वर्षं... त्या घरात मूल नाही म्हणून तर..." मी म्हटलं, "चुकले, देवरामभाऊ. कालचं आलं तोंडात." "मार्क गेले," तो म्हणाला. गोटीराम म्हणाला, "मार्क जाऊ द्या, टाळी ऐकली का?" देवराम त्याच्यावर खेकसला, की टाळ्यांवर नंबर असता तर तमाशा मुंबईला गेला असता. तिसरा अंक मी केला तो दात आवळून. एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. पण आत सारखं टोचत होतं, माझ्याच हातानं मी ह्या बाईला मारलं. चांगलं वाक्य दिलं होतं त्या पोरानं, चार शब्दांचं, तेवढंही मला सांभाळता आलं नाही.

सातला निकाल. चारचा आमचा प्रयोग शेवटचा होता, त्यामुळं सगळ्या टीम हॉलमध्येच, कोणी वडे खातंय, कोणी मेकप पुसतंय. तो टॉर्चवाला म्हातारा परीक्षक माइकवर आला. आधी लांबण लावली, रंगभूमी आणि श्रमिक आणि काय काय. मग म्हणाला, "सातपूरच्या नाटकात आज एक चूक झाली. आम्ही काल इथंच बसलो होतो, त्यामुळं कालची पोरगी आज आलेली आम्ही ओळखली." हॉल फुटला हसून. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो म्हणाला, "त्याचे मार्क कापले. कापूनही ते नाटक पहिलं येतंय, त्याला आमचा इलाज नाही." पुढं मला काही ऐकू आलं नाही. गोटीरामनं खुर्चीवर उडी मारली, कुणीतरी माझ्या खांद्यावर थापट्या मारत होतं, जयराम ओरडत होता, "पोरगी आमची! निम्मा नंबर आमचा!" आणि मी वेड्यासारखी हसत होते, मुंबई, मुंबई, अजून एकदा, अजून एकदा ती! म्हातारा अजून बोलतच होता. संहिता आठ दिवसांत पाठवा, तो भाग त्यात घालून पाठवा. आणि म्हणाला, "त्या प्रश्नावर नवऱ्यानं जे मौन पाळलं, ते मी या केंद्रावर पाहिलेलं सर्वांत मोठं मौन." सावळीराम बिचारा लाजून खाली बघत होता. त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, मौन कसलं, बाबाला वाक्यच नव्हतं!

लोक गेले, सेट उतरवायला टेम्पो यायचा होता. स्टेजवर आमची चूल, पत्र्याचा डबा कापून केलेली, तिच्याशेजारी देवराम मांडी घालून बसला, गुडघ्यावर वही. रागबिग सगळा पळाला होता, कान लाल झाले होते. "सांगा बाई, काय म्हणालात ते. लिहून घेतो." मी तोंड उघडलं, आणि काही नाही. सिन्नरचं नाटक पाठ, अंबडचं पाठ, पंधरा वर्षांच्या बायका पाठ, आणि मी स्वतः बोललेलं एक वाक्य मला आठवेना. तेवढ्यात सावळीराम म्हणाला, "मी सांगतो की." आणि त्यानं सगळं म्हटलं. एकदाच ऐकलं होतं, पण जसंच्या तसं, माझ्या थांबण्यासकट. "दादा, मी नांदत नाही, न्यायला या." त्याच्या जाड्याभरड्या आवाजात ते ऐकताना मी चुलीकडं बघत राहिले. देवराम भराभरा लिहीत होता. "काय कळवलं असतं तिला," त्यानं पुटपुटत लिहिलं, आणि म्हणाला, "आता इथं कंस करतो. नवरा गप्प."

"नाही," मी म्हटलं.

"नाही काय?"

"गप्प नाही. उत्तर द्यायला पाहिजे त्यानं."

"बाई, अहो, त्या मौनावर नंबर आलाय! मुंबईचे परीक्षक तेच बघायला बसतील. बदललं आणि पडलं म्हणजे?"

"पडू द्या." मला ते बोलतानाच भरून आलं, कारण मला ते पडायला नको होतं, माझ्याइतकं कुणालाच नको होतं. "पडू द्या, देवरामभाऊ. बाप गप्प बसला की लोक त्याला मौन म्हणतात. तिकडं पोरगी ट्रंक बांधून बसलेली असते, तिला कोणी विचारत नाही. मी बसले होते. आठ दिवस. मला नाही बघवत तो गप्प बाप, मग नंबर येवो की न येवो. त्याला वाक्य द्या. तुम्ही लिहिणारे ना? मग लिहा!"

एवढं मी कुणालाच कधी बोलले नव्हते. देवरामनं दोनदा वहीवर पेन टेकवलं आणि उचललं. गोटीराम पडदा गुंडाळत होता, तोही थांबला. मग सावळीरामनं घसा साफ केला, आणि आमच्या कोणाकडं न बघता म्हणाला, "मी सांगू का? आसं म्हनलं तर चालंल का? 'ये म्हनावं तिला.'" मग मान हलवली. "नाय, आसं नको. 'थांब म्हनावं. येकटी निघू नको. मीच न्यायला येतो.'"

देवरामनं ते लिहून घेतलं.

"परत म्हणा," मी म्हटलं.

सावळीरामनं परत म्हटलं.